विसरणाऱ्यांची शुश्रूषा : एका रोगाचा इतिहास आणि आपले कर्तव्य



महोत्सवाची स्मरणिका म्हणजे धर्मग्रामाची लेखी स्मृती होय. तिच्या पानापानांतून जो इतिहास आपण वाचतो, त्याचा मोठा भाग कोणत्याही दप्तरात नमूद नव्हता. तो वडीलधाऱ्या मंडळींच्या मुखी होता. निजामाच्या अमदानीत जन्मलेली, १९४८ सालच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण बालपणी पाहिलेली, १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडून लेकरांना मिलोची भाकर व सुकडी खाऊ घातलेली, १९७७ साली औरंगाबादचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा भर तारुण्यात असलेली आणि १९८१ साली जालना जिल्हा निराळा झालेला पाहिलेली ती पिढी आता थकत चालली आहे. त्यांच्यापैकी काहींच्या ठिकाणी एक निराळीच हानी घडताना दिसते. ज्यांच्या आठवणींवर आपण विसंबलो, त्यांनाच आपल्या सुनेचे नाव, घराची वाट, आणि जेवण झाले की नाही ही साधी गोष्ट आठवेनाशी होते.

या व्याधीस स्मृतिभ्रंश असे म्हणतात. वैद्याने घरातील वडिलांविषयी हा शब्द उच्चारला, म्हणजे कुटुंबावर जणू आकाश कोसळते. आता सारे संपले अशी समजूत होऊन कित्येकजण आपल्या माणसास आतल्या खोलीत ठेवतात, पाहुण्यांस भेटू देत नाहीत आणि स्वतःही मंदिरात व सोयऱ्यांत जाणे-येणे कमी करतात. ही समजूत कितपत खरी आहे, हे या रोगाचा आणि त्याच्या शुश्रूषेचा इतिहास पाहिल्यास कळून येईल. म्हणून महोत्सवाच्या या प्रसंगी तो इतिहास थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. मराठीत या अवस्थेस फार जुना शब्द आहे : म्हातारचळ. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर मुलांच्याही तोंडी असते. उत्तर हिंदुस्थानात यालाच ‘सठियाना’ म्हणतात आणि केरळात पोरकटपणा या अर्थाच्या ‘चिन्नन’ या शब्दाने ओळखतात. या शब्दांवरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक ही, की आपल्या पूर्वजांनी ही अवस्था पाहिली होती व तिला नावही दिले होते. हा विकार काही नव्या काळाने अथवा परदेशाने आणलेला नव्हे. दुसरी ही, की त्यांनी तिला वयाचा दोष अथवा स्वभावाचा चळ मानले, रोग मानले नाही. जेथे रोगच नाही तेथे वैद्य कशाला? आणि जेथे चळ आहे तेथे थोडे हसणे, थोडे रागावणे हे ओघानेच आले. आज वैद्यकात रूढ झालेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्दही प्राचीनच असून तो भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. परंतु तेथे त्याचा अर्थ क्रोधमोहाने माणसाचा विवेक सुटणे असा आहे. रोग्यास लावताना तो नैतिक अर्थ मनातून काढून टाकला पाहिजे. स्मृतिभ्रंश झालेल्या मनुष्याकडून काही पाप घडले, अथवा त्याच्या घरच्यांकडून काही उणे पडले, असा त्याचा मुळीच अर्थ नाही.

आपल्या धर्मग्रंथांनी मात्र या बाबतीत फार पूर्वीच दिशा दाखविली होती. बेनसिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात मातापित्यांच्या सन्मानाचा जो उपदेश आहे, त्यात वृद्ध पित्याची बुद्धी लोपली तरीही त्याच्याशी सौम्यपणे वागावे आणि आपल्या अंगी जोम आहे म्हणून त्याला तुच्छ लेखू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. हा ग्रंथ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला. रोगाचे कारण कोणास ठाऊक नसताना वागणुकीचा धडा मात्र लिहून ठेवला गेला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

रोगाचे कारण शोधण्याचा इतिहास याहून बराच अलीकडचा आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात मार्क्टब्राइट या गावी १८६४ साली एका कॅथोलिक कुटुंबात अलोईस आल्झायमर यांचा जन्म झाला. ते पुढे वैद्य होऊन फ्रांकफुर्ट शहरातील मनोरुग्णालयात काम करू लागले. तेथे २५ नोव्हेंबर १९०१ रोजी आउगुस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या स्त्रीस तिच्या पतीने आणून सोडले. तिचा पती रेल्वेत कारकून होता. ती वस्तू भलत्याच जागी लपवून ठेवी, पतीचा विनाकारण संशय घेई आणि आपल्याच घरात वाट चुकल्यासारखी वावरे. आल्झायमर तिच्याशेजारी बसून तिला साधे साधे प्रश्न विचारीत व तिची उत्तरे शब्दशः टिपून घेत. पतीचे नाव विचारले तर ती स्वतःचेच नाव सांगे. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार तिने काढल्याची नोंद त्या टिपणांत आहे. १९०६ च्या एप्रिलात ती निवर्तली. तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहणी केली असता पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत झालेली तंतूंची गुंतागुंत, असे दोन प्रकारचे बिघाड आल्झायमर यांना दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेत त्यांनी हा शोध मांडला. त्यावर कोणी एक प्रश्नदेखील विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या व्याधीस आल्झायमरचे नाव दिले, आणि १९१५ साली अवघ्या ५१ व्या वर्षी स्वतः आल्झायमर यांचे देहावसान झाले. आउगुस्टे हिच्या उत्तरांची ती जुनी फाईल १९९५ साली फ्रांकफुर्टच्या दप्तरखान्यात पुन्हा हाती लागली.

या शोधानंतरही एक मोठी चूक दीर्घकाळ टिकून राहिली. आल्झायमरचा रोग हा पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसांस क्वचित होणारा विकार होय आणि सत्तरी-ऐंशीतला विसर म्हणजे केवळ वार्धक्य, असे वैद्यही मानीत. १९७६ साली अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन या मज्जाविकारतज्ज्ञाने एका छोट्या लेखात दाखवून दिले, की वृद्धांचा स्मृतिभ्रंश बहुतांशी हाच रोग आहे व तो मुळीच दुर्मीळ नाही. म्हणजे ट्यूबिंगेनच्या सभेपासून सत्तर वर्षे लक्षावधी वृद्ध ‘म्हातारचळ’ या एकाच खात्यावर मांडले गेले. जगातील विद्वान वैद्यांस जे उमगण्यास सत्तर वर्षे लागली, ते आमच्या खेड्यातील एखाद्या सुनेला उमगले नाही म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही.

आता शुश्रूषेच्या इतिहासाकडे वळू. मन बिघडलेल्या माणसांना समाजाने दोन रीतींनी वागविले आहे. एक रीत भिंतीआड ठेवण्याची. आपल्या महाराष्ट्रात नागपूर, रत्नागिरी, ठाणे व पुण्याजवळ येरवडा अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीपासून चालत आली. त्यांतील नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे आणि ठाण्याचे १९०१ चे. या चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे आमच्या भागातील विसरभोळ्या वृद्धांचे आश्रयस्थान त्यांचे घर हेच राहिले, आणि घरात जसा स्वभाव तशी वागणूक त्यांच्या वाट्यास आली.

दुसरी रीत घराचे दार उघडण्याची. बेल्जम देशातील गील या गावाचा इतिहास याबाबत प्रसिद्ध आहे. संत डिम्फ्ना ही मनोविकारांनी पीडित लोकांची आश्रयदात्री मानली जाते व तिचे देवालय या गावी आहे. मध्ययुगात दूरदूरचे लोक आपल्या रुग्ण आप्तांस घेऊन तेथे यात्रेस येत. देवालयाजवळच्या धर्मशाळेत जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्या रुग्णांस आपापल्या घरी ठेवून घेण्यास आरंभ केला. त्यांना औषध ठाऊक नव्हते. जेवायला पानावर बोलाविणे, शेतात झेपेल ते काम देणे, चुकले तर सांभाळून घेणे, एवढेच ते करीत. ही रीत शतकानुशतके टिकली. १९३८ च्या सुमारास साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण गीलच्या कुटुंबांत राहत होते, आणि अल्प प्रमाणात ती आजही चालू आहे. याच वाटेने फ्रान्समधील जान ज्यूगां ही गरीब मोलकरीण गेली. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका अंध व लुळ्या म्हातारीस आपल्या बिऱ्हाडी आणून तिला स्वतःची खाट दिली. त्या एका खाटेपासून ‘गरिबांच्या धाकट्या भगिनी’ हा संघ उदयास आला. त्याच्या भगिनी १८८२ साली कलकत्त्यास आल्या व मुंबईतही त्यांचा वृद्धाश्रम आहे. जान ज्यूगां हिला २००९ साली संतपद बहाल करण्यात आले.

तथापि एका कुटुंबाने एकट्याने सोसावयाचे हे ओझे नव्हे, ही जाणीव संघटित रूपात येण्यास विसावे शतक सरत यावे लागले. निरनिराळ्या देशांतील रुग्णांच्या आप्तांनी स्थापिलेल्या मंडळांचा जागतिक संघ १९८४ साली निर्माण झाला. या संघाने १९९४ पासून २१ सप्टेंबर हा दिवस या व्याधीच्या जागृतीसाठी नेमून दिला. हिंदुस्थानात १९९२ साली केरळात डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने आल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. पुढे १९९८ साली कोची येथे जमलेल्या अभ्यासकांनी ‘दहा-सहासष्ट’ या विचित्र नावाचे मंडळ काढले. नावाचा अर्थ असा, की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांपैकी दोनतृतीयांश, म्हणजे सुमारे ६६ टक्के, गरीब देशांत राहतात. परंतु या रोगावरील संशोधनापैकी दहा टक्केही त्यांच्याविषयी होत नाही.

या मंडळाच्या कार्यातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडले, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि लंडनचे डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी वृद्ध लोक, त्यांची सेवा करणारी माणसे व आरोग्यसेवक यांच्याशी बैठकी घेतल्या आणि २००१ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे वर्णन करून सांगितली, तेव्हा ती त्यांनी तत्काळ ओळखली. परंतु हा आजार आहे असे कोणीही मानले नाही. वय झाले की असे व्हायचेच, असे काही म्हणाले. मुलांनी माया केली नाही, हेळसांड केली, म्हणून असे झाले, असेही म्हणाले. त्यामुळे दवाखान्यातील डॉक्टरांस हे रुग्ण क्वचितच दिसत, आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांस मात्र ते नेहमी आढळत. आणखी एक कटू सत्य त्या वृत्तांतात आहे. आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे, वृद्धांची चिंता नको, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु तेथे असे दिसून आले, की पुष्कळदा ही सेवा जमीनजुमला मिळण्याच्या अपेक्षेवर टांगलेली असते, आणि परावलंबी होण्याच्या भीतीने वृद्ध लोक मनातून खचलेले असतात. वाचकहो, हे गोव्याचे वर्णन आहे. आपण आपल्या शिवारापुरता विचार करून पाहावा.

या निदानावर थांबणे त्यांना रुचले नाही. डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबे निवडून एक प्रयोग केला व त्याचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांकडे गृहसेवा-सल्लागार पाठविण्यात आले. हे सल्लागार पदवीधर वैद्य नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, बेताची शिकलेली, परंतु कामाची आस्था असलेली साधी माणसे होती. त्यांना थोडे दिवस शिक्षण देऊन एक समुपदेशक व एक मनोविकारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली घरोघर धाडण्यात आले. आजार म्हणजे काय हे समजावून देणे, रुग्ण चिडला, भटकू लागला अथवा रात्रभर जागला तर काय करावे ते सांगणे, आणि सेवा करणाऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, हे त्यांचे काम. सहा महिन्यांनंतर पाहणी केली, तेव्हा रुग्णांच्या विसरण्यात नव्हे, परंतु सेवा करणाऱ्यांच्या मनःस्थितीत निश्चित सुधारणा आढळली. रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा ताप उणावला होता. हा प्रयोग चालू असतानाच १८ वृद्ध मरण पावले, यावरून कुटुंबांपर्यंत मदत किती उशिरा पोहोचते हेही ध्यानात येते.

या प्रयोगाचे महत्त्व आपल्यासाठी मोठे आहे. हसनाबादसारख्या गावी मज्जाविकारतज्ज्ञ येऊन राहील, अशी आशा नजीकच्या काळात धरवत नाही. परंतु गोव्यातील सल्लागारांसारखी माणसे आपल्या गावांत आहेत. २००५ पासून आशाताई घरोघर जातात. त्यांच्याही पूर्वीपासून धर्मशिक्षक पायी वाडीवस्तीवर जात असत. गरिबांच्या घरी जाऊन भेट देणे हे तर १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या मित्रांनी काढलेल्या संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाचे पहिले व्रत आहे. तेव्हा साधन आपल्या हाती आहे. ते या कामी लावणे तेवढे उरते.

स्वतः रुग्णाच्या बाजूने या इतिहासाकडे पाहिल्यास आणखी एक आशेची खूण दिसते. ऑस्ट्रेलियात पंतप्रधानांच्या खात्यात विज्ञानविषयक सल्ला देणाऱ्या क्रिस्टीन ब्रायडन यांना १९९५ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, हे निदान सांगण्यात आले. त्यानंतर त्यांनी ग्रंथ लिहिले, व्याख्याने दिली, आणि २००३ साली जागतिक संघाच्या कार्यकारी मंडळावर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्ती ठरल्या. आमच्याविषयी बोलताना आम्हांला वगळू नका, हा त्यांचा आग्रह होता. सर्वांचा रोग इतक्या मंद गतीने जात नाही, हे खरे. तरी निदान आणि अखेर यांमध्ये पुष्कळदा कित्येक वर्षांचे जगणे असते, हे विसरू नये. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवुड यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की रुग्णाची अवनती केवळ मेंदूच्या झिजेने होत नाही. भोवतालची माणसे त्याला टाळतात, फसवितात, घाई करतात, त्याच्या देखत त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलतात, यानेही ती वाढते. मेंदूची झीज आपल्या हाती नाही, वागणूक आहे.

हाच आशय मराठी बोलपटाने किती सुंदर मांडला आहे! सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ सालच्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरपलेल्या एका संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. हे गृहस्थ एका हत्तीच्या मागोमाग निघून जातात, आणि त्यांचा सांभाळ माहुताची अशिक्षित पत्नी करते. तिला रोगाचे नाव ठाऊक नाही. ती त्यांना लेकराप्रमाणे जपते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. गीलच्या गावकऱ्यांची आणि या माहुतणीची जात एकच.

रोग्याजवळ काय शिल्लक राहते, याचेही शास्त्र जुने आहे. फ्रेंच पंडित रिबो यांनी १८८१ साली लिहून ठेविले, की स्मृती जाताना नवी आधी जाते व जुनी मागाहून. म्हणून सकाळी काय खाल्ले हे न आठवणाऱ्या आजींना १९७२ च्या खडीच्या कामावरील मुकादमाचा स्वभाव आठवतो. नातवाचे नाव न आठवणारे आजोबा रोजारीची माळ हाती येताच प्रार्थना अचूक म्हणतात आणि लहानपणीचे गाणे सुरात गातात. या शिल्लक ठेव्यावरच रोजचे जगणे उभे करावे. शेंगा निवडणे, वाती वळणे, गोठ्यात वैरण टाकणे, लसूण सोलणे, जे हाताला ठाऊक आहे ते करू द्यावे. नीट झाले नाही तरी पुन्हा पुन्हा चुका दाखवू नयेत. कित्येक वर्षांपूर्वी वारलेल्या धन्याची वाट पाहणाऱ्या आजींना, ते वारले, असे दररोज नव्याने सांगणे म्हणजे दररोज नव्याने दुःख देणे होय. त्यापेक्षा, आजी, ते तुम्हांला पहिल्यांदा कोठे भेटले ते सांगा, असे विचारावे.

व्यवहाराच्या गोष्टीही वेळेवर केल्या पाहिजेत. मुंबईच्या कामगारांचे पुढारी, १९६७ साली दक्षिण मुंबईतून स. का. पाटलांचा पराभव करणारे, व पुढे देशाचे संरक्षणमंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस तरुणपणी बंगळूरच्या सेमिनरीत धर्मगुरुपदाचे शिक्षण घेत होते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. त्यांच्या अखेरच्या वर्षांत त्यांना या रोगाने ग्रासले होते. २९ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. ते आजारी असताना, त्यांनी कोठे व कोणाच्या सान्निध्यात राहावे, हा प्रश्न आप्तांमध्ये न्यायालयापर्यंत गेला. यात कोणाची बाजू खरी, हा आपला विषय नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत जे घडले, ते आपल्या दोन एकर कोरडवाहूच्या बाबतीतही घडू शकते, एवढेच ध्यानी घ्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधी लिहून ठेवण्याचा, आणि आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मातापित्यांच्या चरितार्थाची जबाबदारी अपत्यांवर टाकली आहे. आणि सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन वा घर नावे करून दिल्यावर सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. अशी दाद उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात मागता येते. ही लिहापुसी रुग्णाला समज आहे तोवरच, त्याच्या संमतीने करावी.

आता निदानाविषयी. प्रत्येक विसर हा स्मृतिभ्रंश नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, मनाची उदासीनता, डोक्यास मार लागून मेंदूवर साकळलेले रक्त, अथवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम, यांनीही माणूस विसरू लागतो, आणि यांतील पुष्कळ विकार उपचारांनी सुधारतात. म्हणून देवऋषी अथवा अंगारेधुपारे यांच्यामागे न लागता जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात अथवा छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयात एकदा रीतसर तपासणी करून घ्यावी. रोग निश्चित झाल्यास त्याला मुळापासून बरे करणारे औषध आज नाही. काहींना काही काळ उपयोगी पडणारी औषधे आहेत, ती वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावीत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही आणि मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ ही सरकारी दूरध्वनी मदत विनामूल्य आहे. सत्तरीपुढील प्रत्येकास २०२४ पासून आयुष्मान योजनेखाली रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. गरजू वृद्धांस श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन आहे. घराबाहेर भटकण्याची सवय लागल्यास सदऱ्याच्या खिशात वा पदराच्या आत नाव व मुलाचा दूरध्वनी क्रमांक शिवून ठेवावा, विहिरीला कठडा करावा, आणि शेजाऱ्यांस व दुकानदारांस मोकळेपणाने सांगून ठेवावे. लपविलेला रुग्ण हरवला तर शोधणार कोण?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष माणसे, या व्याधीने ग्रस्त आहेत, आणि शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आहे. दुसऱ्या बाजूने, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली असे अनुमान काढले, की शिक्षणाचा अभाव, बहिरेपणा, दृष्टिमांद्य, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, एकाकीपणा आदी १४ कारणे टाळता आल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल अथवा लांबेल. मुलीला शाळेतून न काढणे, म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर करणे, दारू सोडणे आणि एकट्या पडलेल्या विधवेच्या ओसरीवर तासभर बसणे, ही कामे आपण पुण्यकर्मे म्हणून ओळखतो. ती मेंदूचीही राखण करतात, हे आता शास्त्राने दाखविले आहे.

धर्मग्रामाने काय करावे, याविषयी माझ्या सूचना थोड्या आहेत. प्रत्येक वस्तीवर दोन माणसांनी अशी घरे हेरून पंधरवड्यातून एकदा भेट द्यावी. उपदेश न करता ऐकून घ्यावे. भेटीच्या वेळी रुग्णाजवळ तास-दोन तास बसून त्याच्या सुनेस अथवा मुलीस बाजारास, माहेरी, नुसते झोपावयास मोकळीक द्यावी. कारण या रोगात दुसरा रुग्ण सेवा करणारीच असते, आणि तिची विचारपूस कोणी करीत नाही. मंदिरात वृद्ध मध्येच बोलले, उठून चालू लागले, तर मागे वळून पाहू नये. त्यांना पवित्र मिस्सेस आणीत जावे. येणे अशक्य झाले तर धर्मगुरूस कळवावे, म्हणजे ख्रिस्तशरीर घरी पोहोचेल. मुलांनी आजीआजोबांच्या आठवणी आताच वहीत लिहून घ्याव्यात. त्या वह्या पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेस उपयोगी पडतील, आणि त्याआधी खुद्द आजीआजोबांस वाचून दाखविण्यास पडतील.

आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत प्रत्येकाचे नाव, आईबापांचे नाव आणि तारीख लिहिलेली असते. ज्याचे नाव तेथे एकदा लिहिले गेले, त्याला ते स्वतःला आठवेनासे झाले म्हणून ते खोडले जात नाही. ते नाव घेऊन हाक मारणारे कोणीतरी त्याच्या दारी जात राहावे, हे काम मात्र नोंदवही करू शकत नाही. ते तुम्हांआम्हांकडे आहे.